लाकूडतोडे आणि पाणके

मागं एका बैठकीत वाद पेटला. एक मित्र म्हणाला, यहुद्यांचा धर्मग्रंथ हा गुलामांचा ग्रंथ आहे. देव तिथं राजाच्या बाजूनं नाही, विटा थापणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहतो. असा ग्रंथ आपण जवळ केला पाहिजे. दुसरा तडकला. म्हणाला, पोथी ती पोथी. एक जाळायची आणि दुसरी डोक्यावर घ्यायची, हा कुठला न्याय? दोघांचंही म्हणणं मला निम्मं पटलं. आणि निम्मं पटलं की झोप लागत नाही. म्हणून घरी येऊन ग्रंथच उघडला. हा लेख त्या वाचनाचा आहे.

आधी ग्रंथाबद्दल थोडं. आपल्याकडं ख्रिस्ती लोक ज्याला ‘जुना करार’ म्हणतात तो हाच. पण ते नाव ख्रिस्त्यांचं. यहुदी त्याला तनाख म्हणतात. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, नवीईम म्हणजे संदेष्टे, कतुवीम म्हणजे इतर लेख, अशी तिन्ही मिळून २४ पुस्तकं. भाषा हिब्रू, दानीएल आणि एज्रामधला काही भाग अरामी. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषांवरून हा ग्रंथ साध्या मराठीत आणण्याचं काम केलं, त्यासाठी हिब्रू शिकल्या. तेव्हा ‘आपल्याला कळत नाही’ ही सबब चालणार नाही.

हा ग्रंथ एका हातानं, एका बैठकीत लिहिलेला नाही. कित्येक शतकं तो लिहिला गेला, जोडला गेला, दुरुस्त केला गेला. जर्मन अभ्यासक यूलिउस वेलहाउझेन यानं १८७८ साली मोशेच्या पुस्तकांमधले वेगवेगळे थर उलगडून दाखवले. नंतरच्या अभ्यासकांनी त्याचे तपशील पुष्कळ बदलले, पण ‘एकटा मोशे सगळं लिहून गेला’ हे आता कोणी गंभीर अभ्यासक म्हणत नाही. ही गोष्ट आपल्या कामाची आहे. जिथं हात अनेक, तिथं हितसंबंधही अनेक. तेव्हा ग्रंथ चांगला की वाईट, हा प्रश्नच भोंगळ आहे. कुठलं पान कोणाचं, हे विचारलं पाहिजे.

पहिल्या मित्राचं म्हणणं आधी घेऊ. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोक मिसरात वेठीला जुंपलेले आहेत. फारो त्यांच्याकडून विटा थापून घेतो, मग गवताचा पुरवठा बंद करतो आणि म्हणतो, गवत तुम्ही गोळा करा, विटा मात्र तेवढ्याच द्या. जगातल्या कुठल्याही मुकादमाला हे कलम शिकवावं लागत नाही. देव त्यांचा आक्रोश ऐकतो आणि मोशेला पाठवतो. पुढं सगळ्या ग्रंथभर एक आठवण वाजत राहते : तुम्ही गुलाम होता, हे विसरू नका. जगातले बहुतेक समाज आपली वंशावळ सूर्याला, चंद्राला, देवाच्या मुखाला नेऊन भिडवतात. या लोकांनी ती वीटभट्टीवर नेऊन ठेवली. ही लहान गोष्ट नाही.

या पानांत दारू भरलेली आहे, हे मालकांनी आपल्याआधी ओळखलं होतं. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या निग्रो गुलामांसाठी बायबलमधले ‘निवडक भाग’ छापण्यात आले. त्यात जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग गाळला होता. योसेफ गुलाम म्हणून विकला जातो, इमानेइतबारे चाकरी करतो, ती गोष्ट ठेवली. मोशे त्याच गुलामांना मिसरातून बाहेर काढतो, ती गोष्ट कापली. समीक्षा म्हणतात ती हीच! कात्री लावणाऱ्याला साहित्य बरोबर कळलेलं होतं. आणि अमेरिकेतल्या गुलामांनाही ते कळलं. हॅरिएट टबमन या बाईनं परत परत दक्षिणेत शिरून माणसं सोडवून आणली, तिला लोक ‘मोझेस’ म्हणायचे. बाबासाहेबांनाही मोझेस जवळचा वाटला, त्यांनी त्याच्यावर इंग्रजीत लेख लिहिला. तेव्हा पहिला मित्र हवेत बोलत नव्हता.

पण तो एका पुस्तकावर थांबला. मी पुढं वाचत गेलो. मोशे मेला. यहोशवा पुढारी झाला. लोक यार्देन नदी ओलांडून कनान देशात शिरले. आणि यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात मला गिबोनकर भेटले.

गोष्ट अशी आहे. यरीहो पडलं, आय पडलं, तिथली माणसं कापली गेली. गिबोन हे जवळचंच शहर. आता पाळी आपली, हे तिथल्या लोकांनी ओळखलं. त्यांनी काय केलं? गाढवांवर जुनी गोणपाटं टाकली, फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले घेतले, पायात ठिगळं लावलेल्या वहाणा घातल्या, शिदोरीला वाळून बुरसटलेली भाकरी घेतली, आणि इस्राएलाच्या छावणीत येऊन म्हणाले, आम्ही लांबच्या मुलखातून आलो आहोत, आमच्याशी करार करा. इस्राएलाच्या सरदारांनी शपथ घेऊन करार केला. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच. मंडळी चिडली. पण शपथ देवाच्या नावानं घेतलेली, मोडता येईना. मग तोड निघाली : यांना जिवंत ठेवा, पण लाकूडतोडे आणि पाणके करून. मंडळीसाठी आणि देवाच्या वेदीसाठी यांनी लाकडं फोडायची, पाणी भरायचं. यहोशवानं वर शापही दिला की या कामातून तुमची सुटका कधीच नाही. आणि लिहिणारा शेवटी नोंद करतो की ते आजपर्यंत तेच काम करीत आहेत.

दोस्तहो, इथं जरा थांबा. या लोकांचा गुन्हा काय? त्यांनी कोणाला मारलं नाही. कोणाची जमीन घेतली नाही. त्यांना जगायचं होतं. त्यासाठी त्यांनी फाटक्या वहाणा घातल्या. त्याची शिक्षा पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ. आणि शिक्षा देणारे कोण? ज्यांच्या हातावरचे विटा थापल्याचे घट्टे अजून गेले नव्हते ते. ग्रंथाच्याच हिशोबानं मिसर सोडल्याला ४० वर्षं आणि वर थोडे दिवस झाले होते.

आता ही गोष्ट समीक्षकाच्या नजरेनं वाचू. ‘आजपर्यंत’ हा शब्द पाहा. कुठल्याही जुन्या गोष्टीच्या शेवटी हा शब्द आला की कान टवकारायचे. याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाकडं फोडणारी आणि पाणी वाहणारी माणसं होती. ती का राबतात, असं पोरंसोरं विचारत असतील. त्याचं उत्तर म्हणून ही गोष्ट आली. म्हणजे काम आधी आहे, कथा मागून आली. जगात कुठंही पहा, आधी माणसावर काम लादलं जातं आणि मग त्याच्या पणजोबानं कधीतरी लबाडी केली होती अशी कथा रचली जाते. राबणाऱ्याला वाटावं की चूक आपलीच. राबवून घेणाऱ्याला वाटावं की आपण तर दया केली, जीव तर नाही घेतला. या कथेची सगळी कारागिरी त्यासाठी आहे. बुरसटलेली भाकरी इतकी हुबेहूब रंगवली आहे की वाचणारा हसतो, ‘काय फसवलं!’ म्हणतो. आणि हसताहसता वेठ मान्य करून बसतो.

पुढं राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोन राजा गिबोनला येतो. तिथल्या उंचवट्यावरच्या वेदीवर तो एक हजार होमबली अर्पण करतो. रात्री देव स्वप्नात येऊन त्याला शहाणपण देतो. शलमोनाच्या शहाणपणाचे दाखले जगभर दिले जातात. मला एवढंच विचारायचं आहे : हजार जनावरं जाळायला लाकूड किती लागलं? वेदी धुवायला पाणी किती लागलं? ते कोणी वाहिलं? ग्रंथ तिथं गप्प आहे. गिबोनमध्ये गिबोनकरांचं नाव नाही. शहाणपण राजाला मिळालं, मोळी कोणाच्या डोक्यावर होती ते लिहायचं राहून गेलं.

ग्रंथ गप्प आहे, जमीन मात्र बोलली. जेरुसलेमच्या वायव्येला नऊ-दहा किलोमीटरवर अल-जिब नावाचं गाव आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जेम्स प्रिचर्ड यानं तिथं १९५६ ते १९६२ या काळात उत्खनन केलं. मडक्यांच्या मुठी सापडल्या, त्यांवर हिब्रू अक्षरांत ‘गिबोन’ कोरलेलं. गाव ओळखलं गेलं. आणखी काय सापडलं? खडकात कोरलेला प्रचंड गोल हौद, रुंदी ११ मीटरांहून अधिक. त्याच्या कडेनं गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, त्या पुढं बोगद्यातून खाली पाण्यापर्यंत जातात. सगळ्या मिळून ७९. शिवाय द्राक्षारस थंड ठेवायला खडकात खोदलेली ६३ तळघरं. म्हणजे ज्यांना ग्रंथानं पाणके म्हणून हिणवलं, त्यांच्या गावानं खडक फोडून पाणी काढलं होतं. ग्रंथात त्यांच्या हाती फाटका बुधला दिला आहे, त्यांच्या गावच्या जमिनीत द्राक्षारसाची कोठारं निघाली. आणि गंमत अशी की यहोशवाच्या काळातलं म्हणावं असं शहर प्रिचर्डला तिथं सापडलंच नाही. त्या काळातली काही थडगी तेवढी मिळाली. यरीहोचंही तेच. कॅथलीन केन्यन या बाईनं १९५२ ते १९५८ तिथं खोदलं. यहोशवानं पाडल्या म्हणतात त्या काळात तिथं तट असलेलं शहरच नव्हतं, असं निघालं.

मग खरं काय घडलं? मिसरी राजा मर्नेप्ता याच्या शिलालेखात इस्राएल हे नाव येतं, तो इ.स.पूर्व १२०८ च्या सुमाराचा. त्यात या लोकांचा निःपात केल्याची फुशारकी आहे. ग्रंथाबाहेरचा इस्राएलाचा हा सर्वांत जुना पुरावा. आज बरेच अभ्यासक मानतात की हे लोक मोठ्या संख्येनं बाहेरून आलेलेच नव्हते, ते कनानच्याच डोंगराळ भागात उभे राहिले. जॉर्ज मेंडेनहॉल यानं १९६२ साली आणि नॉर्मन गॉटवाल्ड यानं १९७९ साली तर असं मांडलं की शहरांतल्या राजांच्या सारावेठीला विटलेल्या कुणब्यांनी, धनगरांनी बंड केलं, त्यातून इस्राएल जन्मला. हे मत सगळ्यांनी स्वीकारलेलं नाही. पण घटकाभर ते खरं धरा, म्हणजे गिबोनची गोष्ट आणखी कडू होते. मग मालक आणि पाणके एकाच मातीतले. एकाच बोलीचे. पुढं एकानं दुसऱ्याला परका ठरवला, इतकंच.

गिबोनकर पुन्हा येतात ते शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात. दावीद राजाच्या काळी तीन वर्षं दुष्काळ पडतो. राजा देवाला विचारतो. उत्तर येतं : आधीचा राजा शौल यानं गिबोनकरांची कत्तल केली, त्याचं हे फळ. बघा, ही कत्तल केव्हा झाली, किती माणसं मेली, ग्रंथात कुठंही सांगितलेलं नाही. शौलाची भाल्याची फेक, शौलाचं वेड, शौलाचा मत्सर, सगळं तपशीलवार आहे. गिबोनकरांचं मरण मात्र इस्राएलाच्या पोटाला चिमटा बसला तेव्हाच आठवलं. आपल्या वस्तीवरचे अत्याचार वर्तमानपत्रात केव्हा येतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे नवीन नाही.

दावीद गिबोनकरांना विचारतो, भरपाई काय देऊ? ते सोनंचांदी मागत नाहीत. शौलाच्या घरातले सात पुरुष मागतात. दावीद देतो. सातांना डोंगरावर टांगलं जातं. त्यांत दोन मुलं रिस्पा नावाच्या बाईची. रिस्पा शौलाची उपपत्नी. ती खडकावर गोणपाट अंथरून बसते. सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत बसते. दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना मढ्यांजवळ येऊ देत नाही. ती एक शब्द बोलत नाही. शेवटी राजाला शरम वाटून तो सगळ्यांची हाडं गोळा करून पुरतो. सबंध ग्रंथात मला सर्वांत हलवून गेलेलं हे पान आहे. एका बाजूला ज्यांची कत्तल झाली ते, दुसऱ्या बाजूला जिची पोरं गेली ती बाई. दोघंही सत्तेच्या पायाखालचे. आणि दावीद? शौलाच्या घराण्यातले गादीचे वारस आपोआप कमी झाले. दुष्काळ संपला, राज्यही निर्धोक झालं.

पुढची गोष्ट तर याहून विलक्षण. तालमूद या नंतरच्या यहुदी भाष्यग्रंथात देवळातल्या ‘नथीनीम’ नावाच्या सेवेकऱ्यांचा संबंध गिबोनकरांशी जोडला आहे. इ.स. २०० च्या सुमाराच्या मिश्नेत त्यांच्याशी बेटीव्यवहाराला बंदी आहे. कारण काय दिलं? इस्राएलाचे लोक दयाळू असतात आणि गिबोनकरांनी शौलाच्या वंशजांवर दया दाखवली नाही, म्हणून दाविदानं त्यांना समाजाबाहेर ठेवलं. म्हणजे कत्तल तुमची झाली, न्याय तुम्ही मागितला, म्हणून निर्दय तुम्ही! न्याय मागणारा माथेफिरू आणि दया करणारा थोर, ही व्याख्या किती जुनी आहे पाहा. आणि नहेम्याच्या पुस्तकात, जेरुसलेमचा पडलेला तट पुन्हा बांधणाऱ्यांच्या यादीत, गिबोनची माणसं आहेत. तटाचा दगड लावायला चालतात. लग्नाची गोष्ट काढली की वंश आठवतो.

इथपर्यंत वाचून दुसरा मित्र म्हणेल, झालं की! माझंच खरं. पोथी ती पोथी. पण घाई नको. कारण हे सगळं मला कळलं कुठून? याच ग्रंथातून. शौलाचं पाप ग्रंथानं लपवलं नाही, उशिरा का होईना, नोंदलं. रिस्पाला पुसून टाकलं नाही. हा ग्रंथ स्वतःविरुद्धची साक्ष स्वतःच्या पोटात ठेवून बसला आहे. ते मुद्दाम झालं की अनेक हातांमुळं झालं, हा वेगळा मुद्दा. पण साक्ष आहे.

एकच उदाहरण देतो. अनुवादाच्या पुस्तकाचा २३ वा अध्याय काढा. सुरुवातीलाच नियम आहे : निषिद्ध संबंधातून जन्मलेल्याला देवाच्या मंडळीत प्रवेश नाही, दहाव्या पिढीपर्यंत नाही. मवाबी माणसालाही नाही, दहा पिढ्या नाही. त्याच अध्यायात थोडं खाली या : पळून आलेला गुलाम तुमच्याकडं आसऱ्याला आला तर त्याला मालकाच्या हवाली करू नका, तो म्हणेल त्या गावात त्याला राहू द्या. बाबिलच्या हम्मुराबीच्या कायद्यात पळालेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्यास मरणाची शिक्षा होती! त्या दुनियेत हा नियम म्हणजे बंडच. एका पानावर दाराला कुलूप आणि त्याच पानावर दार सताड उघडं. आता हे पान पवित्र म्हणायचं की अपवित्र?

तेच रूथचं. एज्रा आणि नहेम्या या पुढाऱ्यांनी बाबिलच्या बंदिवासानंतर वंश शुद्ध ठेवायचा म्हणून परक्या बायकांशी झालेल्या लग्नांवर हत्यार उपसलं. एज्राच्या पुस्तकाच्या शेवटी, ज्यांनी अशा बायका केल्या त्यांची नावानिशी यादी आहे. बायकांची नावं नाहीत. मुलंबाळं घेऊन त्या कुठं गेल्या, तेही नाही. आणि त्याच ग्रंथसंग्रहात रूथ नावाचं चार अध्यायांचं छोटं पुस्तक आहे. रूथ मवाबी, विधवा, परक्याच्या शेतात कापणीमागं पडलेली कणसं वेचून सासूला जगवणारी. पुस्तकाच्या शेवटी सांगितलं आहे की ही दावीद राजाची पणजी. दहा पिढ्या मवाब्याला बंदी, आणि चौथ्या पिढीला सिंहासन! ज्यानं हे पुस्तक लिहिलं, त्यानं एज्राशी वाद घातला नाही, नुसती गोष्ट सांगितली. हे पुस्तक एज्राला उत्तर म्हणूनच लिहिलं गेलं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ते आधीचं असो वा नंतरचं, शेजारी ठेवून वाचलं की उत्तर मिळतंच.

आणि आमोस. तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या फळांवर पोट भरणारा. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात तो बेथेलच्या राजमंदिरात जाऊन श्रीमंतांना सुनावतो की तुम्ही गरिबाला वहाणांच्या जोडापायी विकता, तुमचे सण आणि गाणी देवाला नकोत. पुजारी त्याला हाकलतो, म्हणतो, हे राजाचं देऊळ आहे, इथं बोलू नको. पण आमोसचा खरा घाव पुढं आहे. तो म्हणतो, मिसरातून तुम्हाला आणलं याचा तोरा मिरवू नका, देवानं पलिष्ट्यांना आणि अरामी लोकांनाही असंच आणलं आहे. म्हणजे मुक्तीचा मक्ता कोणा एकाचा नाही. हे वाक्य यहोशवानं ऐकलं असतं, तर गिबोनकरांच्या डोक्यावर मोळी चढली नसती.

हा वाद ग्रंथात संपलेला नाही, तो आपल्या अंगणापर्यंत आला. कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावांतून घाणा चालवणारे बेने इस्राएल आपल्याला माहीत आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणत. १८४६ साली मुंबईत त्यांचा हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची मुक्तीची कथा, मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. मोशेनं फारोला मराठीत दम दिला, तो असा. पण याच समाजात ‘गोरे’ इस्राएल आणि ‘काळे’ इस्राएल असे दोन तट होते. काळे म्हणजे बाहेरच्या बाईपासून झालेल्यांचे वंशज, असं मानलं जाई. त्यांच्याशी सोयरीक नाही. मुक्तीची कथा दरवर्षी वाचायची आणि अंगणात रेघही ओढायची!

मग हेच लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथं १९६२ साली मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. घटस्फोटाचे यहुदी नियम यांना ठाऊक नव्हते, तेव्हा यांच्यात निषिद्ध संबंधातली संतती असेल, असा संशय. म्हणजे अनुवादाच्या २३ व्या अध्यायाचं तेच वरचं टोक! खालचं टोक, आसऱ्याचं, कोणाला आठवलं नाही. कोकणातल्या गोऱ्यालाही तिथं आता काळ्याच्या रांगेत उभं केलं गेलं. हे लोक गप्प बसले नाहीत. १९६४ साली जेरुसलेमला आंदोलन झालं. संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे सर्व बाबतीत पूर्ण यहुदी आहेत, आणि फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं. ज्यांनी स्वतः रेघ ओढली होती, त्यांनाच रेघेपलीकडं उभं राहून लढावं लागलं. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्यातल्या पोटजातींच्या रेघा कोणी ओढल्या, ते आपण आपल्याला विचारावं.

आणि अल-जिब? ते पॅलेस्टिनी गाव आहे. १९६७ पासून तो सगळा पश्चिम किनारा इस्रायलच्या लष्करी कब्जात गेला. निर्गमाची गोष्ट कनानी माणसाच्या बाजूनं वाचून पाहा, असं एडवर्ड सईद या पॅलेस्टिनी विचारवंतानं १९८६ साली सांगितलं. रॉबर्ट वॉरियर या अमेरिकेतल्या आदिवासी, ओसेज लेखकानं १९८९ साली तेच सांगितलं : गोऱ्या वसाहतवाल्यांनी स्वतःला इस्राएल मानलं आणि आम्हाला कनानी ठरवून कापलं. एकाच गोष्टीवर टबमन उभी राहिली आणि त्याच गोष्टीवर तिच्याच देशातले वसाहतवालेही.

आता आपल्यापुरतं. एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण आपल्यातले उत्साही मित्र लगेच म्हणतील, गिबोनकर म्हणजे आपणच. नाही. त्यांच्यावर पाणी भरण्याची सक्ती होती, त्यांनी भरलेलं पाणी थेट वेदीवर चालायचं. आपल्या हातानं पाणी बाटायचं. महाडच्या तळ्याच्या पायऱ्या आणि गिबोनच्या ७९ पायऱ्या एक नव्हेत. गुलामी वेगळी आणि अस्पृश्यता वेगळी, हे बाबासाहेबांनी मांडून ठेवलं आहे. दुसऱ्याचं दुःख आपल्या मापाचं कापून घेतलं की त्याचंही कळत नाही आणि आपलंही.

तरी वाचायचं कसं, हे गिबोनकर शिकवतात. कुठलाही ग्रंथ हाती आला, मग तो परक्यांचा असो वा आपल्या चळवळीचा, की आधी त्यात देव किती, सुविचार किती, हे मोजू नका. लाकूड कोण फोडतं आणि पाणी कोण भरतं, तेवढं शोधा. त्याच्याबद्दल गोष्ट कोण सांगतं ते पाहा. त्याला स्वतःला तोंड दिलं आहे का ते पाहा.

हो, तोंड. अनुवादाच्या २९ व्या अध्यायात मोशे मरणाआधी शेवटचा करार करतो. मवाबच्या मैदानात सगळे उभे आहेत. सरदार, वडीलधारे, बायका, पोरं, आणि छावणीतला परका माणूस, लाकूडतोड्यापासून पाणक्यापर्यंत. सगळे एका रांगेत, एका करारात. यार्देन अजून ओलांडायची होती. ओलांडल्यावर तेच दोन शब्द शिक्षा म्हणून वापरले गेले. पहिल्या मित्राला मला हेच सांगायचं आहे की गुलामाचा ग्रंथ नदीच्या अलीकडं लिहिला जातो, त्याची परीक्षा पलीकडं होते. दुसऱ्याला सांगायचं आहे की जाळायचं ते जरूर जाळ, पण आधी त्या खडकावर गोणपाट टाकून बसलेली बाई बघ. ती त्याच पानांत आहे.

पुढच्या बैठकीला दोघांनीही हे नऊ, तेवीस आणि एकोणतीस असे तीन अध्याय वाचून यावं. मग वाद घालू.